चैत्रगौरीचे माहेर

चैत्र शुद्ध तृतीयेला अनेक मराठी घरांत गौर बसते. देव्हाऱ्यातील अन्नपूर्णेची किंवा गौरीची लहानशी पितळी मूर्ती चिंचेने घासून लख्ख केली जाते, वीतभर झोपाळ्यावर किंवा पाळण्यात तिला बसवले जाते, दवण्याची काडी आणि मोगऱ्याची फुले वाहिली जातात. अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे पुरा महिनाभर, गौर त्या झोपाळ्यावर झोके घेते. याच महिन्यातील एखाद्या मंगळवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी आळीतील बायका आणि मुली हळदीकुंकवाला येतात. कैरीची डाळ, पन्हे, कलिंगडाची एखादी फोड, ओटीत भिजवलेले हरभरे, हाताच्या पाठीवर अत्तराचा फाया आणि गुलाबपाण्याचा शिडकावा, एवढाच या उत्सवाचा संभार. त्याला मंडप लागत नाही, वर्गणी लागत नाही आणि पुष्कळदा पुरोहितही लागत नाही.

अशा उत्सवाचा इतिहास लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. लढाया, तह आणि सनदा यांची नोंद दप्तरांत राहते. ओसरीवर झालेल्या हळदीकुंकवाची राहत नाही. परंतु महाराष्ट्राबाहेर जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास पाहू लागले, की त्यांनी परमुलखात आपलेपण कशाच्या आधारे टिकवले, हा प्रश्न पुढे उभा राहतो. त्याचे उत्तर जितके दरबारांत सापडते, तितकेच या वीतभर झोपाळ्यातही सापडते. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या मराठी शाळेच्या परिवाराला तर हा इतिहास विशेष जवळचा वाटावा. कारण घरातील गौर आणि गावातील शाळा यांनी परप्रांतात पुष्कळ अंशी एकच काम केले आहे.

ऋतूने वाढलेले ताट

चैत्र आणि वैशाख हे दोन महिने म्हणजे वसंत ऋतू. शास्त्रग्रंथांनी या ऋतूशी गौरीच्या झोक्याचे नाते जोडलेले आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्याय यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधु’ या ग्रंथात चैत्र शुद्ध तृतीयेच्या गौरीपूजेचा आणि दोलोत्सवाचा निर्देश येतो. परंतु या उत्सवाला जे घरगुती रूप आले, ते ग्रंथांपेक्षा शेताने आणि बाजाराने दिलेले आहे. रब्बीचा हरभरा फाल्गुनाच्या सुमारास निघतो, नवा गूळ घरात आलेला असतो, आंब्याला कैऱ्या लगडू लागतात आणि नदीकाठच्या वाळूतील कलिंगडे व काकड्या बाजारात येतात. त्या दिवसांत जे स्वस्त, ताजे आणि उन्हावर उतारा म्हणून उपयोगी, तेच गौरीचा नैवेद्य ठरले.

आंब्याच्या डाळीची कृतीच पाहावी. हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटायची, त्यात किसलेली कैरी, हिरवी मिरची, मीठ, चवीपुरती साखर, ओले खोबरे आणि कोथिंबीर घालायची आणि वरून हिंग-मोहरीची हळद घातलेली फोडणी द्यायची. चुलीपुढे घटकाभरही बसावे लागत नाही. उकडलेल्या कैरीचा गर गुळात कालवून वेलदोडा आणि केशर घातले, की पन्हे तयार होते. उन्हाळ्याच्या दिवसांत यजमानीण स्वयंपाकघरात अडकून पडू नये, तीही बाहेर येऊन आलेल्यांत बसावी, अशी ही योजना आहे. गरीब घरात केशर नसे, मध्यम घरात अत्तराची कुपी शेजारून आणलेली असे. पण हरभरे आणि कैरी यांनी सर्व घरांतील गौरी जवळजवळ एका पातळीवर आणून ठेवल्या.

अंगणातील चैत्रांगण हा या उत्सवाचा दुसरा भाग. गौरीसमोर किंवा दाराशी महिनाभर रोज रांगोळीने काढायच्या या आकृतीत मध्यभागी झोपाळ्यातील गौर असते आणि तिच्याभोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मे, कासव, नाग, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर, आंबा, नारळ, फणी, आरसा आणि हळदीकुंकवाचे करंडे असतात. देव, प्राणी, झाडे आणि घरातील नित्याच्या वस्तू यांना एकाच चौकटीत स्थान देणारे हे चित्र आहे. ज्या काळात मुलींच्या हाती पाटी-पेन्सिल आली नव्हती, त्या काळात आजी नातीचे बोट धरून हे सारे आकार काढून घेत असे. ती एका अर्थाने मुलींची पहिली पाटीच होती.

झाशीचे हळदीकुंकू

अठराव्या शतकात मराठी माणूस आपल्या मुलखाबाहेर दूरवर जाऊन राहू लागला. दक्षिणेत तंजावर येथे व्यंकोजी भोसले यांनी सतराव्या शतकातच राज्य स्थापले होते. पुढे गायकवाड बडोद्यास, होळकर माळव्यात, पवार धार आणि देवास येथे स्थिरावले. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला आणि त्या तळाचे शहर झाले. त्याला आजही ‘लष्कर’ असेच म्हणतात. छत्रसाल बुंदेल्याने बाजीराव पेशव्यांना दिलेल्या वाट्यामुळे बुंदेलखंडात मराठी अंमल आला आणि सागर, झाशी, जालौन येथे मराठी वस्ती झाली. काशीत विद्वान ब्राह्मणांची घराणी त्याही आधीपासून होती. सरदारांच्या मागोमाग कारकून, फडणीस, शिलेदार, वैद्य, भिक्षुक, शिंपी, सोनार असे अनेक लोक गेले आणि त्यांच्या बायका गेल्या. या बायकांबरोबर पेटीच्या तळाशी लुगड्यात गुंडाळलेले देवही गेले.

त्यांच्या त्या प्रवासाचे वर्णन कोणी लिहून ठेवले नाही. मात्र परमुलखातील एका चैत्रगौरीची आठवण मराठी साहित्यात कायमची नोंदली गेली. कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात गेले. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मथुरेत मोठा यज्ञ करणार असल्याने दक्षिणा मिळेल, अशी आशा होती. वाटेतच त्यांना बंडाच्या वणव्याने गाठले आणि फिरत फिरत ते झाशीस पोहोचले. त्यांनी पुढे वृद्धपणी लिहिलेली हकीकत चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली. झाशीचा वेढा आणि त्यानंतरची कत्तल व लूट यांचे एका सामान्य मराठी माणसाने प्रत्यक्ष पाहून केलेले वर्णन म्हणून हे पुस्तक मोलाचे आहे.

याच हकीकतीत झाशीच्या राजवाड्यातील चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा उल्लेख आहे. काळ शके १७८० च्या चैत्राचा, म्हणजे मार्च १८५८ चा. सर ह्यू रोज याची फौज झाशीच्या दिशेने येत होती. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ती शहराबाहेर येऊन थडकली, लगेचच तोफांचा मारा सुरू झाला आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाशी पडली. अशा दिवसांत वाड्यात गौर बसली आणि शहरातील स्त्रियांना हळदीकुंकवाचे बोलावणे गेले.

या प्रसंगाकडे दोन बाजूंनी पाहता येते. ज्या स्त्रीला थोड्याच दिवसांत तटावर उभे राहून लढाई चालवायची आहे, तिने हरभऱ्यांच्या ओट्या भरवण्यात वेळ का घालवावा, असे कोणाला वाटेल. परंतु शहराला वेढा पडणार हे उघड दिसत असताना रयतेचे धैर्य केवळ बुरुजांच्या दगडांनी टिकत नाही. दरवर्षीप्रमाणे यंदाही गौर बसली आहे, वाड्यातून यंदाही बोलावणे आले आहे, हे घरोघरी कळणे हीसुद्धा शहराच्या बंदोबस्तातीलच एक गोष्ट होती. नित्यक्रम चालू आहे याची खात्री पटली, की भीतीची धार बोथट होते. राणी लक्ष्मीबाई हे जाणत असाव्यात.

दुसरी बाजू अधिक अंतर्मुख करणारी आहे. गंगाधरराव नेवाळकर यांचे निधन नोव्हेंबर १८५३ मध्ये झाले होते. म्हणजे ज्या वाड्यात सौभाग्याचे लेणे वाटले जात होते, त्या वाड्याची स्वामिनी रूढीच्या भाषेत त्या लेण्याची अधिकारी नव्हती. वैधव्य आल्यावर घरातील कोपरा धरावा, शुभकार्यात पुढे येऊ नये, अशी तत्कालीन समाजाची अपेक्षा. तरीही नगरातील सर्व लेकीसुनांची गौर जिच्या अंगणात बसली, ती यजमानीण एक विधवा होती. विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ मध्ये होऊन गेला होता. पण समाजाचे मन कायद्याच्या फार मागे होते. झाशीच्या त्या चैत्राने कोणतीही घोषणा न करता एक प्रश्न मात्र मागे ठेवला : गौरीच्या अंगणात यायचा अधिकार नेमका कोणाचा?

लेक घरी येते

झाशीनंतर काळ पालटला. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेली आगगाडी १८७० पर्यंत जबलपूरमार्गे कलकत्त्याला जाऊन भिडली. आता मराठी कुटुंबे फौजेबरोबर न जाता नोकरीबरोबर जाऊ लागली. रेल्वे, टपाल व तार, संस्थानांतील शाळा आणि न्यायालये, पुढे बँका, कारखाने आणि केंद्र सरकारची कार्यालये यांच्यामुळे कलकत्ता, दिल्ली, हैदराबाद, जबलपूर, अहमदाबाद, बंगळूर अशा शहरांत मराठी आळ्या आणि वसाहती उभ्या राहिल्या. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. अशा राज्यकारभारालाही शिकलेली माणसे हवीच होती. पुरुषांना या स्थलांतरात नोकरी मिळाली, मान मिळाला. स्त्रियांच्या वाट्याला मुख्यतः अंतर आले. सातारा किंवा रत्नागिरीकडील माहेर दोन-तीन दिवसांच्या गाडीच्या वाटेवर गेले. पत्र पोहोचायला आठवडा लागे आणि लेकीचे पत्रही पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या हातून लिहिलेले असे.

चैत्रगौरीमागची श्रद्धा नेमकी येथे कामी आली. लोकसमजुतीप्रमाणे चैत्रात गौर महिनाभर माहेरी येते. ती वर देण्यासाठी किंवा संकट निवारण्यासाठी आलेली नसते. सासरचे काम विसरून झोके घ्यायला आलेली असते. तिच्याकडे मागणे मागायचे नसते, तिचे लाड करायचे असतात. तिला थंड पन्हे द्यायचे, मोगऱ्याचा गजरा माळायचा, झोका द्यायचा आणि महिना सरला की गोडाधोडाचा नैवेद्य दाखवून पाठवणी करायची. ज्या स्त्रीला स्वतःला माहेरी जाता येत नव्हते, तिने आपल्या परक्या गावातील दोन खोल्यांचे घर देवीचे माहेर केले. स्वतः लेक म्हणून ज्या गोष्टींना ती मुकली होती, त्या तिने आई होऊन दुसऱ्या लेकीला दिल्या. या उत्सवातील आनंद आणि भक्ती वेगळ्या काढता येत नाहीत, त्या यामुळे. शेजारच्या खोलीतील मराठी बाई हळदीकुंकवाला आली, की तीही त्या संध्याकाळपुरती माहेरवाशीण होई. ज्या गावात कोणीच कोणाची नातेवाईक नव्हती, त्या गावात मावश्या, काकू आणि आत्या अशाच संध्याकाळी तयार झाल्या. पुढच्या पिढीला त्या रक्ताच्या नाहीत हे फार उशिरा समजले.

परमुलखातील शेजारही या उत्सवाला परका राहिला नाही. राजस्थानात आणि माळवा-निमाडात होळीनंतर गणगौर सुरू होते आणि चैत्र शुद्ध तृतीयेला तिची सांगता होते. म्हणजे ज्या दिवशी शेजारणीची गौर निरोप घेते, त्याच दिवशी मराठी घरातील गौर झोपाळ्यावर बसते. निमाडात तिला रणूबाई म्हणतात आणि तीही माहेरी आलेली लेकच असते. कर्नाटकात चैत्रात गौरीच्या आणि रामनवमीच्या निमित्ताने कोसंबरी आणि पानक देतात. भिजवलेल्या डाळीची कोसंबरी ही आंब्याच्या डाळीची जवळची बहीण. शेजारणीने पन्ह्याला ‘पना’ म्हटले, नारळ मिळेना म्हणून सुके खोबरे आले, अंगण नाही म्हणून चैत्रांगण पाटावर काढले गेले. उत्सव बदलला, पण मोडला नाही.

वर्षप्रतिपदेचेही तसेच. मराठी घरावर गुढी उभी राहते, त्याच दिवशी कर्नाटकात आणि आंध्र-तेलंगणात उगादी असते, कोकणी घरांत संवत्सर पाडवो असतो, काश्मिरी पंडितांकडे नवरेह असतो, तर सिंधी बांधवांचा चेटीचंड त्या तिथीच्या लगतच येतो. मराठी घरात कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, ओवा, हिंग आणि भिजवलेल्या डाळीबरोबर वाटून देतात; तेलुगू आणि कन्नड घरांतील पचडीत वा बेवू-बेल्लातही निंबाचा फुलोरा आणि गूळ एकत्र येतात. वर्षाच्या पहिल्या घासात कडू आणि गोड एकदमच घ्यायचे, हा विचार भाषेच्या सीमा ओलांडून गेलेला आहे.

अंगण रुंद होताना

घरगुती उत्सवाचा गौरव करताना त्याची अंधारी बाजू झाकणे इतिहासाला शोभणार नाही. हळदीकुंकवाच्या नावातच त्याची मर्यादा होती. ज्या स्त्रीचा नवरा वारला, तिला त्या संध्याकाळी बोलावणे येत नसे. अनेक घरांत वाटली डाळ जिच्या हातची असे, पन्हे जिने केलेले असे, ती आत्या किंवा काकू पाहुण्या येण्याच्या वेळी माजघरात जाऊन बसे. झाशीच्या वाड्यात राणीला जे साधले, ते सामान्य घरातील विधवेला साधणे शक्य नव्हते.

या प्रश्नाशी झुंजलेली माणसे मराठी समाजातच निघाली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन सुरू केले. त्याच सदनातील गोदूबाई या विधवा विद्यार्थिनीशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या ग्रामस्थांचा बहिष्कार सोसला. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. स्वतः वैधव्य आलेल्या रमाबाई रानडे यांनी पुण्याच्या सेवासदनातून असंख्य स्त्रियांना शिक्षणाच्या वाटेवर आणले. विशेष हे, की स्वदेशी चळवळीच्या काळात हळदीकुंकू हेच स्त्रियांच्या सभांचे निमित्त झाले. जिला व्याख्यानाला पाठवायला घर तयार नव्हते, तिला हळदीकुंकवाला जाण्यास कोणी अडवत नसे. ओटी भरता भरता स्वदेशी कापडाचा, मुलींच्या शाळेचा विषय निघू लागला. जुन्या रीतीच्या आडोशाने नव्या विचाराने घरात पाऊल ठेवले.

तरीही वाट लांबची ठरली. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांवर लादल्या जाणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो मे २०२२ मध्ये; आणि इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक राज्य शासनाने त्यानंतर काढले. कर्व्यांच्या विवाहानंतर जवळजवळ एकशे तीस वर्षांनी एका गावाला असा ठराव करावा लागला, यातच रूढीचे बळ दिसते; आणि एका लहान गावाने तो केला, यात आशाही दिसते. आज अनेक घरांत आणि महिला मंडळांत चैत्रातील बोलावणे सरसकट सगळ्यांना जाते. काही ठिकाणी त्याला ‘वसंतोत्सव’ म्हणतात. नाव कोणतेही असो, जिने डाळ वाटली तिनेच ती पहिल्या रांगेत बसून खावी, एवढी साधी ही सुधारणा आहे. गौर लेक असेल, तर लेकीला भेटायला येणाऱ्या आईला, आत्याला किंवा मावशीला नवरा आहे की नाही, हे कोणी विचारू नये.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. चैत्रगौर सगळ्याच मराठी घरांत बसत नव्हती. ती प्रामुख्याने काही जातींच्या घरांतील रीत. इतर असंख्य कुटुंबांचा वसंत वेगळ्या ठिकाणी फुलत असे. कोणी चैत्री पौर्णिमेला वाडी रत्नागिरीवर जोतिबाला सासनकाठी घेऊन जाई, कोणी शिखर शिंगणापूरला कावड नेई, कोणी कार्ल्याच्या एकवीरेला किंवा सप्तशृंगीला जाई. या यात्राही कुटुंबांच्या भेटीच होत्या. झाडाखाली चूल मांडून, तिन्ही पिढ्या एका पंगतीला बसत.

महाराष्ट्राबाहेरील मराठी वसंताचा विचार महूशिवाय तर पुराच होऊ शकत नाही. इंदूरजवळच्या या लष्करी छावणीत सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरी १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे हे कुटुंबही नोकरीपायी परमुलखात राहिलेले मराठी कुटुंबच होते. ११ एप्रिलला जोतीराव फुले यांची आणि १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती येते. त्या दिवशी महूला जाणारी, घराला निळी पताका लावणारी, लेकरांना नवे कपडे घालून पंगतीला बसवणारी कुटुंबे आपल्या परीने वसंताचा सणच साजरा करत असतात. तेथेही मोठ्या खर्चाचे कारण नसते. आपल्याला माणूस म्हणून उभे करणाऱ्याबद्दलची कृतज्ञता, हीच तेथील श्रद्धा असते. ज्या समाजाला एकेकाळी कोणाच्याही अंगणात प्रवेश नव्हता, त्याने आपले अंगण स्वतः उभारले, हा मराठी वसंताच्या इतिहासातील फार मोठा अध्याय आहे.

घर आणि शाळा

परप्रांतातील मराठी शाळेचे महत्त्व या पार्श्वभूमीवर नीट उमगते. घरातील गौर आपल्या आळीला एकत्र आणी. परंतु तिच्या भोवतीचे वर्तुळ रीतीने आणि जातीने आखलेले होते. शाळेच्या वर्गात ते वर्तुळ आपोआप मोठे झाले. गौर बसणाऱ्या घरातील मुलगी आणि महूला जाणाऱ्या घरातील मुलगा एकाच बाकावर बसून एकच बाराखडी शिकले. बऱ्याच शाळांत पाडव्याला पाटीपूजन होई, रामनवमीचा सुंठवडा डब्यातून वर्गात येई, फुले आणि आंबेडकर यांच्या जयंतीला मुले भाषणे करीत, आणि वार्षिक परीक्षेचा निकाल हाती घेऊन घरी गेलेल्या मुलाला त्याच संध्याकाळी कुठल्यातरी हळदीकुंकवाची डाळ मिळे. चैत्र हा शाळेच्या वर्षाचाही उंबरठा होता. मार्च १९५७ पासून भारत सरकारने शकगणनेवर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली आणि तिचाही पहिला महिना चैत्रच ठरला. त्यामुळे घरातील महिना आणि देशाचा महिना यांची भेट फळ्यावरील तारखेत होऊ शकली.

भाषेच्या दृष्टीने तर हे उत्सव म्हणजे शब्दांचे कोठारच आहे. कैरी, पन्हे, गाठी, दवणा, ओटी, माहेरवाशीण, पाठवणी, सुंठवडा हे शब्द केवळ पाठ्यपुस्तकातून शिकवता येत नाहीत. त्यांची चव, वास आणि प्रसंग घरात घडले, तरच वर्गात त्यांचा अर्थ उजळतो. उलट घरात ऐकलेला शब्द शाळेत लिहिता-वाचता आला, तरच तो पुढच्या पिढीपर्यंत पोहोचतो. तंजावरच्या मराठी कुटुंबांनी साडेतीनशे वर्षे तमिळ मुलखात राहून आपल्या घरात आपली मराठी बोली जपली, ती अशा घरगुती व्यवहाराच्याच बळावर. जेथे उंबरठ्याच्या आत भाषा बोलली जाते, तेथे ती राज्य गेल्यावरही राहते. राज्ये झाशीची गेली, इंदूरची गेली, बडोद्याची विलीन झाली. वीतभर झोपाळ्यातील गौर मात्र पेटीतून पेटीत, शहरातून शहरात प्रवास करत राहिली.

आज शाळेच्या साठ वर्षांच्या काळात शिकून गेलेले विद्यार्थी देशभर आणि देशाबाहेर पांगले आहेत. त्यांच्या घरांना अंगणे नाहीत, पाहुण्यांना वेळ नाही आणि सोयीचा दिवस मंगळवार-शुक्रवार न राहता रविवार झाला आहे. याचे दुःख मानण्याचे कारण नाही; या उत्सवाने अंगणावाचून पाट आणि नारळावाचून सुके खोबरे कधीच स्वीकारले होते. चिंता वाटावी अशी गोष्ट निराळी आहे. साधेपणाची जागा थाटाने घेतली, की उत्सव पुढच्या वर्षी करण्याचीच धास्ती वाटू लागते. भेटवस्तूंची चढाओढ, सजावटीची छायाचित्रे आणि बाहेरून मागवलेला फराळ यांत गौर एखाद्या कोपऱ्यात राहते आणि यजमानीण थकून जाते. ज्या उत्सवात मूठभर हरभरे पुरत होते, तो जड झाला तर दोन-तीन पिढ्यांत बंद पडेल. त्याचे आयुष्य त्याच्या हलकेपणात होते, हे त्याच्या इतिहासातून दिसते.

विष्णुभट गोडसे झाशीतून लुटले गेले. कर्ज फेडण्यासाठी गेलेला हा माणूस शेवटी वरसईस परतला, तो आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन. द्रव्य गेले, पण ज्यासाठी घरी परतावे असे काहीतरी त्यांच्याजवळ शिल्लक होते. परमुलखात राहिलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या बाबतीत कमीअधिक हेच खरे आहे. त्यांनी पैसा मिळवला किंवा नाही मिळवला, पदे भूषवली किंवा नाही भूषवली. वर्षातून एक संध्याकाळ दार उघडे ठेवले, शेजारच्या लेकीला आपली लेक मानले आणि तिच्या ओंजळीत ऋतूने दिलेले टाकले, एवढ्यावर त्यांचे घर घर राहिले. पुढील चैत्रात गौर बसेल, तेव्हा त्या दारातून कोणीही परत जाऊ नये, आणि आत आलेल्या लहान मुलीला चैत्रांगणातील प्रत्येक आकृतीचे मराठी नाव सांगणारे कोणीतरी घरात असावे.